काळे पाऊल : आर्सेनिक, सेलेनियम आणि खोल विहिरींचे गोडे पाणी

तैवानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर मिठागरे आहेत. बेइमेन, श्युएजिया, बुदाई, यिझू या भागांत उथळ विहिरीला खारे पाणी लागते. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत तिथल्या लोकांनी शंभर-दोनशे मीटर खोल विहिरी घेतल्या. गोडे पाणी मिळाले. त्याचा रंग, वास, चव यांत काही खोट नव्हती, आणि घरोघरी तेच पाणी प्यायले जाऊ लागले.

मग पायांचे दुखणे सुरू झाले. आधी बोटे गार पडायची, मुंग्या यायच्या. थोडे चालले की पोटरीत गोळा यायचा, थांबले की उतरायचा. पुढे रात्रीची झोप उडवणारी कळ यायची आणि अंगठा काळवंडायचा. मेलेली कातडी आणि जिवंत कातडी यांच्यामधली रेघ नुसत्या डोळ्यांनी दिसायची. काहींची बोटे आपोआप गळून पडत, बाकीच्यांचे पाय कापावे लागत. लोकांनी नाव ठेवले 'काळे पाऊल', आणि वैद्यकातही तेच रूढ झाले. बेइमेनचे डॉक्टर वांग जिन-हे यांनी 1960 मध्ये या रुग्णांसाठी मोफत दवाखाना चालवायला घेतला. मिशनरी लिलियन डिक्सन यांनी त्याला पैशाचे पाठबळ दिले, आणि शस्त्रक्रियांसाठी डॉक्टर श्ये वेई बाहेरगावाहून येत. या आजाराबद्दल लिहिताना आकड्यांच्या आधी या माणसांची नावे घ्यावीत असे मला मनापासून वाटते.

आकडेही तितकेच जड आहेत. संशोधक त्सेंग वेन-पिंग आणि सहकाऱ्यांनी 1968 मध्ये 40,421 गावकऱ्यांच्या तपासणीचे निष्कर्ष छापले. दर हजारी 8.9 जणांना काळे पाऊल होते आणि 10.6 जणांना त्वचेचा कर्करोग. विहिरीच्या पाण्यात आर्सेनिक हे विषारी मूलद्रव्य जितके जास्त, तितके दोन्ही आजार जास्त. अनेक विहिरींत लिटरमागे 400 ते 600 मायक्रोग्रॅम आर्सेनिक होते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 1958 मध्ये 200 होती, 1963 मध्ये ती 50 झाली आणि 1993 मध्ये 10.

आर्सेनिक रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा करते. वाहिनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड तिथे कमी तयार होतो, रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) एकमेकींना चिकटू लागतात, भिंत जाड होत जाते आणि पायाला रक्त पुरेनासे होते. चिलीतल्या आंतोफागास्ता शहरात 1958 ते 1970 या काळात नळाच्या पाण्यातच लिटरमागे 800 मायक्रोग्रॅमहून जास्त आर्सेनिक होते. तिथेही रक्तवाहिन्यांचे आजार आणि हृदयविकाराचे मृत्यू वाढले. पण पाऊल काळे पडून गळण्याइतका प्रकार तैवानएवढा कुठेच दिसला नाही. आर्सेनिकयुक्त कूपनलिकांवर कोट्यवधी लोक अवलंबून असलेल्या बंगालमध्येही नाही. तिथून शोध शरीरातल्या इतर सूक्ष्म मूलद्रव्यांकडे वळला.

यात सेलेनियम सर्वांत बोलके. ते शरीराला अगदी थोडे लागते, जास्त झाले की विष. 1938 मध्ये अमेरिकेतल्या साउथ डकोटात संशोधक मॉक्सन यांना दिसले की सेलेनियमयुक्त धान्याने उंदरांना होणारी विषबाधा आर्सेनिकने कमी होते. दोन विषे एकमेकांना मारत होती! याचे कारण 2000 च्या सुमारास स्पष्ट झाले : यकृतात ग्लुटाथिओन या शरीरातच तयार होणाऱ्या रेणूच्या मदतीने आर्सेनिक आणि सेलेनियम यांचा एकच संयुग तयार होतो आणि पित्तावाटे बाहेर पडतो. म्हणजे आर्सेनिक बाहेर काढण्यात सेलेनियम खर्ची पडते, आणि आहारात ते मुळातच कमी असेल तर आर्सेनिकला मोकळे रान मिळते. तैवानी संशोधकांनी काळ्या पावलाच्या रुग्णांचे केस, लघवी आणि रक्त तपासून आर्सेनिकबरोबर सेलेनियम, जस्त, तांबे, लोह मोजायला घेतले ते याच विचाराने. त्या किनाऱ्यावरची गरीब कुटुंबे वाळवलेल्या रताळ्यांवर दिवस काढत, ताटात प्रथिने जेमतेम. मात्र रुग्णात सेलेनियम कमी सापडले म्हणजे तेच आजाराचे कारण, असे म्हणायची घाई करू नये. आर्सेनिकनेच ते संपवलेले असू शकते. विहिरीतल्या ह्युमिक द्रव्यांवरही (कुजलेल्या वनस्पतींपासून बनणाऱ्या पदार्थांवर) संशय घेतला गेला, आणि तो वाद बराच काळ चालला.

नळाचे पाणी आल्यावर काळ्या पावलाचे नवे रुग्ण घटत गेले. फुप्फुस आणि मूत्राशय यांचे कर्करोग मात्र, लहानपणी ते पाणी प्यायलेल्यांमध्ये, नळ आल्यानंतरही कित्येक दशके होत राहिले.