ल्यूबेक: दगड नसलेल्या किनाऱ्यावरचे विटांचे गॉथिक

उत्तर जर्मनीतले ट्रावे नदीकाठचे ल्यूबेक ११४३ मध्ये वसले, जळाले आणि ११५९ मध्ये पुन्हा उभे राहिले. १२२६ पासून ते थेट सम्राटाच्या अधिकाराखालचे मुक्त शहर आणि पुढे हान्सा व्यापारी संघाचे अग्रणी बंदर. १२५१ आणि १२७६ च्या आगींनंतर नगरपरिषदेने लाकडाऐवजी विटांचा आग्रह धरला. बाल्टिक किनाऱ्यावर दुसरा पर्यायही नव्हता. बांधकामाचा दगड इथे निघतच नाही. हिमनद्यांनी वाहून आणलेले ग्रॅनाइटचे गोटे मिळतात, ते इमारतीच्या पायात जातात. चिकणमाती मात्र हवी तेवढी.

शरद ऋतूत खणलेली माती हिवाळाभर उघडी ठेवत. गोठून आणि वितळून ती भुसभुशीत होई. मग मळून लाकडी साच्यात घालत, कित्येक आठवडे सावलीत सुकवत आणि लाकडाच्या भट्टीत भाजत. घाईने सुकवलेली वीट तडकते, कमी भाजलेली थंडीत भुगा होते. तयार वीट साधारण २८ सेंमी लांब, १५ रुंद, ९ जाड. वजन सहा किलोच्या आसपास.

विटांच्या गॉथिकला, म्हणजे टोकदार कमानी आणि उंच छतांच्या मध्ययुगीन युरोपीय शैलीच्या विटांतल्या रूपाला, अनेकजण गरिबाघरचे गॉथिक समजतात. ते पटत नाही. भाजलेल्या विटेवर छिन्नी चालवली की कडक साल निघते आणि पाणी आत मुरते. म्हणून नक्षी कोरायची नाही, साच्यातच घडवायची: कमानीची, कोपऱ्याची, खिडकीची वीट वेगवेगळी. शोभेसाठी काळ्या-हिरव्या झिलईच्या विटांचे पट्टे. मोठ्या सपाट भिंती ही साधनानेच घडवलेली शैली आहे. सुमारे १२५० ते १३५१ दरम्यान बांधलेल्या सेंट मेरी चर्चचे कमानी छत ३८.५ मीटर उंच आहे, विटांच्या छतांत जगात सर्वांत उंच. मनोरे सुमारे १२५ मीटर. बिशपच्या कॅथेड्रलपेक्षा व्यापाऱ्यांचे हे चर्च भारी ठरले, आणि किनाऱ्यावरच्या कित्येक शहरांनी त्याचाच कित्ता गिरवला.

भिंती बहुधा दुहेरी असत: बाहेर-आत विटांचे पापुद्रे, मध्ये गोटे, तुकडे आणि चुना. दर्शनी थरात लांब बाजूच्या दर दोन विटांनंतर एक आडवी, आतपर्यंत रुतणारी. अशा विटा कमी पडल्या किंवा वरून पाणी शिरले की पापुद्रा सुटून फुगतो.

ल्यूबेकच्या होल्स्टेनटोर वेशीचे दुखणे वेगळे. १४६४ ते १४७८ मध्ये हिनरिख हेल्मस्टेडेने ती दलदलीवरच्या भरावावर बांधली. बाहेरच्या बाजूला भिंत तीन मीटरहून जाड, शहराकडे एक मीटरपेक्षाही कमी. जमीन खचली, दक्षिण बुरूज कलला, खालची तोफांची भोके आता जमिनीखाली आहेत. १८६३ मध्ये ही वेस पाडण्यापासून एका मताने वाचली. १९३३-३४ मध्ये तिला बळकटी देण्यात आली.

२८-२९ मार्च १९४२ च्या रात्री बॉम्बहल्ल्यात सेंट मेरीचे लाकडी छप्पर जळाले, घंटा कोसळल्या, पण विटांच्या भिंती बऱ्याच अंशी तगल्या. नवा छताचा सांगाडा काँक्रीटचा केला. दुरुस्तीत खरी जोखीम सिमेंटची आहे. या भागात विटा सांधायला जिप्समयुक्त मसालाही वापरला जाई. ओलावा मिळाला की अशा दरजांतले जिप्सम सिमेंटशी अभिक्रिया करते. तयार होणारे स्फटिक फुगतात आणि नव्याने भरलेली दरज जुन्या विटेची कड घेऊन बाहेर पडते. म्हणून आधी मसाल्याचे नमुने तपासतात, मगच चुना की जिप्सम ते ठरवतात.