पोटातला मुका मार: पडल्याचा की मारल्याचा?

पोर उलट्या करतंय म्हणून आणतात, घरचे सांगतात सोफ्यावरून पडलं, आणि शर्ट वर करून बघावं तर पोटावर साधा ओरखडाही नाही. फसायला होतं ते इथेच. पोट मऊ, कातडीखाली लगेच हाड नाही, त्यामुळे लाथ किंवा गुद्दा बसला की सगळा जोर आत जातो आणि वरून काहीच दिसत नाही. वळ नाही म्हणजे मारलेलं नाही, हे प्लीज डोक्यातून काढून टाका, कारण मारहाणीत मुलं दगावतात त्यात डोक्याच्या मारानंतर नंबर पोटाचाच लागतो.

उंचावरून पडलं किंवा गाडीने उडवलं तर जास्त करून लिव्हर, प्लीहा, किडनी असे भरीव अवयव फाटतात. मारहाणीतही लिव्हरला लागतंच, पण आतड्याला भोक पडणं, ड्युओडिनमच्या (लहान आतड्याचा जठराला लागून असलेला पहिला भाग) भिंतीत रक्त साकळणं, स्वादुपिंड चेचणं हे त्यात जास्त सापडतं, कारण ठोसा एकाच जागी बसतो आणि हे अवयव मागच्या मणक्यावर चेंगरतात.

आता गंमत नाही, खरी अडचण अशी की सायकलचं हँडल पोटात घुसलं तरी अगदी हेच होतं! म्हणून नुसता सीटी स्कॅन बघून ठरवू नका, वय बघा. 8 वर्षांचा मुलगा सायकलवरून पडला, पटतं. दीड वर्षाच्या बाळाचं ड्युओडिनम फुटलंय आणि सांगतायत जिन्यावरून घरंगळलं, तर नाही पटत, साध्या जिन्यावरून पडून आतडं फुटणं फारच दुर्मिळ.

उशिरा आणलं एवढ्यावरून मात्र कुणावर ठपका ठेवू नये, अपघातातही लक्षणं हळूहळू वाढतात. पण हिरवी उलटी, फुगलेलं पोट आणि ताप असताना गॅस्ट्रो म्हणून सलाईन लावून घरी पाठवणं, हे व्हायला नको.

संशय असेल तर एएसटी, एएलटी या लिव्हरला लागलंय का ते सांगणाऱ्या रक्ततपासण्या करा, दोन्हीतलं एक जरी 80 युनिट/लिटरच्या वर गेलं तरी पोट मऊ लागतंय म्हणून सीटी टाळू नका. माराच्या खुणा आहेत का म्हणून कान, मान, पाठ नीट बघा, 2 वर्षांखालचं असेल तर सगळ्या हाडांचे एक्सरे काढा. आणि घरच्यांना वेगवेगळं विचारून त्यांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत, वेळ टाकून केसपेपरवर लिहा, चार दिवसांनी सोफ्याचा जिना झाला तर पहिलं वाक्य त्या कागदावरच सापडेल.