जाळी बारीक केली की तड्याचं गणित का बिघडतं?

काँक्रीटचा दांडा दोन्ही टोकांना धरून ओढला, तर तो सगळीकडे सारखा ताणला जाऊन तुटत नाही. ताण साधारण ३ मेगापास्कलला पोचला की एखाद्या अरुंद पट्ट्यात सूक्ष्म भेगा पडतात. त्या पट्ट्याची ताकद घटते, पुढची सगळी विकृती (मूळ लांबीच्या प्रमाणात झालेली वाढ) तिथेच गोळा होते आणि आजूबाजूचा भाग उलट सैल पडतो. हे एकवटणं संगणकात उतरवणं फार नाजूक काम आहे.

फायनाइट एलिमेंट पद्धतीत वस्तूची छोट्या तुकड्यांची, म्हणजे एलिमेंटची, जाळी करून प्रत्येक एलिमेंटमधला ताण आणि विकृती काढतात. एरवी जाळी जितकी बारीक, तितकं उत्तर अचूक. तड्यांच्या बाबतीत हा भरवसा उरत नाही. समजा, नियम असा दिला: ३ मेगापास्कलनंतर ताण सरळ रेषेत उतरेल आणि विकृती ०.००६७ झाली की शून्य होईल. एलिमेंट १० मिलिमीटरचं असेल, तर तड्याच्या दर चौरस मीटरला सुमारे १०० ज्यूल ऊर्जा खर्च होते. जाळी १ मिलिमीटरची केली की हाच खर्च १० ज्यूलवर येतो, कारण विकृती एलिमेंटच्या एकाच थरात एकवटते आणि तो थर आता दहापट पातळ असतो. जाळी आणखी बारीक करत गेलं, तर तडा जवळपास फुकट पडतो! सॉफ्टवेअर मात्र कसलीच तक्रार करत नाही, म्हणूनच ही चूक घातक.

तडा पडायला ऊर्जा मोजावी लागते, हे ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये काचेच्या अभ्यासातून मांडलं होतं. हिलरबोर्ग आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये काँक्रीटसाठी ताणाचा संबंध विकृतीऐवजी भेगेच्या रुंदीशी जोडला. १९८३ मध्ये बाझंट आणि ओ यांनी त्यातून व्यवहारी तोडगा काढला: ऊर्जा कायम ठेवायची आणि शेवटची विकृती एलिमेंटच्या आकारानुसार बदलायची. वरच्या उदाहरणात १ मिलिमीटरच्या एलिमेंटला ती ०.०६७ द्यावी लागेल. दोन्ही जाळ्यांत भेग ०.०६७ मिलिमीटर रुंदावली की ताण संपतो. चौकोनी जाळीत तडा तिरका गेला, तर एलिमेंटची बाजू नव्हे, तड्याला काटकोनातली रुंदी धरावी लागते. हे सर्रास विसरलं जातं.

आता लांबीचा प्रश्न. काँक्रीटचा स्थितिस्थापकता गुणांक (ताण भागिले विकृती, म्हणजे पदार्थाचा ताठरपणा) ३० गिगापास्कल धरला, तर ३ मेगापास्कलला दर घनमीटरमागे १५० ज्यूल ऊर्जा साठते. म्हणजे २ मीटर लांबीच्या दांड्यात छेदाच्या दर चौरस मीटरमागे ३०० ज्यूल. तड्याला हवेत १०० ज्यूल, म्हणून दांडा झटक्यात तुटतो आणि टोकांचं विस्थापन टप्प्याटप्प्याने वाढवणारं गणित तिथेच अडकतं. अशा वेळी भेगेची रुंदी हळूहळू वाढवत न्यायची. ती सहसा माघार घेत नाही. साठलेली ऊर्जा १०० ज्यूलच्या वर जाते ती लांबी (१०० भागिले १५०), सुमारे ६७ सेंटिमीटर; हीच मर्यादा एकेका एलिमेंटलाही लागू होते.

तडा कोणत्या वाटेने जाईल, हे पाहायचं तर खडी, मॉर्टर (सिमेंट-वाळूचा मसाला) आणि त्यांच्यामधला कमकुवत थर वेगवेगळा दाखवावा लागतो. खडीचे दाणे मोठ्याकडून लहानाकडे, एकमेकांवर न चढतील असे यादृच्छिकपणे टाकतात. मधला थर जेमतेम काही दशक मायक्रोमीटरचा, त्यामुळे तिथे शून्य जाडीचे जोड-एलिमेंट घालतात. त्यांचा ताठरपणा कमी ठेवला, तर तडा पडण्याआधीच सगळा नमुना लवचीक होतो; भलताच वाढवला, तर ताणाचे आकडे खालीवर उड्या मारू लागतात. शिवाय असे तडे फक्त एलिमेंटच्या कडांवरूनच जाऊ शकतात. नियमित जाळी वापरली, तर दिसणारी वाट पदार्थाची नसून जाळीची असते. म्हणून अनियमित जाळी घ्यावी आणि दाण्यांच्या निरनिराळ्या मांडण्यांवर गणित पुन्हा चालवावं.

तड्याला लागणाऱ्या ऊर्जेचा आकडा येतो खाच पाडलेली तुळई मधोमध दाबून. भार-विस्थापन आलेखाखालचं क्षेत्रफळ, भागिले खाचेवरच्या उरलेल्या छेदाचं क्षेत्रफळ. यात तुळईचं स्वतःचं वजन धरायचं राहिलं, तर ऊर्जा कमी भरते. एका आकाराच्या तुळईवर आकडे जुळवून घेतल्यावर, त्यांना हात न लावता दुप्पट आणि चौपट मोठ्या तुळईचा भार काढून प्रयोगाशी ताडून पाहावा. तिथे फरक पडला, तर पहिल्या आलेखाचं जुळणं ग्राह्य धरू नये.