उणे वीसमध्येही पेट्रोलची वाफ होते

पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट साधारण उणे ४३ अंश सेल्सिअस असतो. म्हणजे एवढ्या थंडीतही त्याच्या पृष्ठभागावर इतकी वाफ जमते, की जवळ ठिणगी पडली तर ती पेट घेईल. स्नो ब्लोअर, म्हणजे साचलेला बर्फ उडवून रस्ता मोकळा करणारं यंत्र, ज्या थंडीत चालवतात ती बहुतेक वेळा याच्या बरीच वर असते. तेव्हा ‘चहूकडे बर्फच बर्फ, इथे कसली आग लागतेय’ या भरवशात काही अर्थ नाही. उलट हिवाळ्यात विकायचं पेट्रोल मुद्दाम जास्त बाष्पशील बनवतात. गारठलेलं इंजिन चालू व्हायचं तर वाफ लवकर तयार व्हायला हवी, म्हणून रिफायनरीत त्यात ब्युटेन हा पटकन वायू होणारा घटक जास्त ठेवतात. इंजिनाची ही सोय आगीलाही सोयीची पडते.

यंत्र तसं जुनं आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात आर्थर सिकार यांनी १९२५ साली ट्रकवर बसवलेला स्नो ब्लोअर तयार केला. एकट्या माणसाने ढकलत न्यायची छोटी यंत्रं घरोघरी पोहोचली ती बरीच नंतर. पुढचं मळसूत्री पातं, म्हणजे ऑगर, बर्फ फोडून आत ओढतं. मोठ्या यंत्रांत त्यामागचा पंखा तो बर्फ वरच्या नळकांड्यातून दूर फेकतो. हात-बोटं कापण्याच्या भीतीने लोक या पात्यांकडे नीट लक्ष देतात. मागच्या इंजिनाकडे मात्र फारसं कुणी बघत नाही, आणि आगीचा प्रश्न तिथेच आहे.

हिवाळी इंजिनाची रचना जवळून पाहण्यासारखी असते. त्यात अनेकदा एअर फिल्टर नसतोच, कारण उडणाऱ्या भुरभुरीत बर्फाने तो ओला होऊन गोठेल. दुसरी अडचण कार्ब्युरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची. पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेतं, हवेतला दमटपणा तिथेच गोठतो आणि इंजिनात जाणारं मिश्रण कमी-जास्त करणारी थ्रॉटलची झडप अडकून बसते. यावर उपाय म्हणून बऱ्याच इंजिनांत कार्ब्युरेटरभोवती पत्र्याचं आवरण बसवतात आणि सायलेन्सरवरची गरम हवा त्यात खेळवतात. म्हणजे ज्या भागात पेट्रोल भरलेलं असतं तो आणि काही शे अंशांपर्यंत तापणारा भाग अगदी शेजारी-शेजारी. यात इंजिनियरची चूक नाही, बर्फात इंजिन चालवायचं तर ही तडजोड करावीच लागते. पण त्यामुळे एरवी जमिनीवर टपकून विरून गेली असती अशी बारीक गळती इथे थेट तापल्या धातूपाशी पोहोचू शकते.

गळती होते कशी? कार्ब्युरेटरखालच्या वाटीत एक फ्लोट असतो. पाण्याच्या टाकीतला चेंडू जसा वर येऊन नळ बंद करतो, तसा पेट्रोलची पातळी वाढली की हा फ्लोट एक सुई तिच्या खाचेत दाबतो आणि आत येणारं पेट्रोल थांबतं. त्या खाचेत धुळीचा एखादा कण अडकला, सुईचं रबरी टोक झिजलं किंवा जुन्या पेट्रोलचा चिकट थर बसला, तर धार थांबत नाही. टाकी वर आणि कार्ब्युरेटर खाली असल्यामुळे इंजिन बंद असतानाही पेट्रोल झिरपत राहतं. काही वेळा ते बाहेर न पडता सिलिंडरमधून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, तर इंजिन चालू करू नये. काम झाल्यावर टाकीचा कॉक बंद करणं म्हणूनच महत्त्वाचं. माझ्या मते एवढी साधी आणि एवढी परिणामकारक दुसरी सवय नाही.

ही झाली देखभालीतली बिघाडं. कधी कधी दोष कारखान्यातूनच येतो: नळीचा चिमटा सैल, टाकीच्या प्लास्टिकला तडा जाणारा सांधा, किंवा कार्ब्युरेटरचं नीट न बसलेलं गॅस्केट (सांध्यातली गळती रोखणारी चकती). असा दोष एका यंत्रापुरता नसतो, त्या काळात तयार झालेल्या सगळ्याच यंत्रांत असू शकतो. अमेरिकेत अशी यंत्रं परत मागवण्याचं काम कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशन या ग्राहक-सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या देखरेखीखाली चालतं. मोठा धोका निर्माण करू शकणाऱ्या दोषाची कल्पना आली की कंपनीने २४ तासांत कमिशनला कळवायचं असतं. कॅनडातही यंत्रं विकली असतील तर हेल्थ कॅनडा या तिथल्या सरकारी आरोग्य खात्याच्या बरोबरीने जाहीर सूचना निघते. तिच्यात वापर ताबडतोब थांबवायला सांगतात आणि दुरुस्ती, बदली किंवा पैसे परत यांपैकी काय मिळेल तेही लिहिलेलं असतं.

इथे लोक एका गोष्टीत फसतात. स्नो ब्लोअरवर नाव एका कंपनीचं असतं आणि आतलं इंजिन दुसऱ्याच कंपनीने बनवलेलं असतं. एकच इंजिन चार वेगवेगळ्या रंगांच्या यंत्रांत बसलेलं असू शकतं. सूचना इंजिनाबद्दल असेल तर यंत्राच्या पाटीवरचा मॉडेल नंबर ताडून उपयोग नाही. इंजिनाच्या आवरणावर चिकटवलेले किंवा ठोकलेले मॉडेल आणि सीरियल नंबर वेगळे असतात, ते शोधावे लागतात. बर्फाचा मोसम सुरू होण्याआधी कोरड्या दिवशी त्यांचा फोटो काढून ठेवावा. जुनं यंत्र विकत घेताना तर हे आधी करावं, कारण मूळ मालकाच्या नावे आलेलं पत्र नव्या मालकापर्यंत पोहोचत नाही. परत मागवलेली वस्तू तशीच विकणं अमेरिकेत २००८च्या कायद्याने बेकायदेशीर आहे, तरी अंगणातल्या विक्रीत कोण तपासतं?

गॅरेजमधला धोका वेगळा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, त्यामुळे ती जमिनीलगत सरपटत जाते. हवेत तिचं प्रमाण जेमतेम दीड टक्का झालं तरी ती पेटू शकते. म्हणूनच अमेरिकी बांधकाम नियमांत गॅरेजमधल्या वॉटर हीटरची ज्योत किंवा ठिणगी जमिनीपासून १८ इंच, म्हणजे सुमारे ४६ सेंटिमीटर, उंच ठेवायला सांगितलं आहे. त्यात प्रसरणाचाही हिशोब धरावा लागतो. उणे २० अंशांत काठोकाठ भरलेली चार लिटरची टाकी १५ अंशांच्या गॅरेजमध्ये आणली, तर पेट्रोल सव्वाशे मिलिलिटरहून जास्त फुगतं. त्याला बाहेर पडण्यावाचून जागा नसते. टाकी म्हणून थोडी रिकामी ठेवायची आणि पेट्रोल उघड्यावर, इंजिन पुरतं निवल्यावरच भरायचं. तापल्या सायलेन्सरवर सांडलेलं पेट्रोल पुसायला वेळ मिळत नाही.

पेट्रोलच्या कॅनच्या तोंडातली बारीक जाळी उपटून टाकणारे लोक असतात, कारण तिच्यामुळे धार मंदावते. ती उपटू नये. पेटती वाफ जाळीच्या छिद्रांतून जाऊ लागली की तिची उष्णता ती जाळी खेचून घेते आणि ज्योत कॅनमध्ये शिरण्याआधी विझते. खाणकामगारांसाठी हम्फ्री डेव्ही यांनी १८१५ साली बनवलेल्या दिव्यात हेच तत्त्व होतं. अशा जाळीसारखी ज्वालारोधक सोय कॅनमध्ये असावी, असा कायदा अमेरिकेने २०२० साली केला.

बॅटरीवर चालणाऱ्या स्नो ब्लोअरमध्ये पेट्रोल नाही, पण लिथियम-आयन सेल शून्य अंशाखाली चार्ज केले तर लिथियम इलेक्ट्रोडमध्ये न शिरता त्याच्यावर धातूच्या रूपात साचतं. त्यातून पुढे आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो आणि असा सेल स्वतःच तापत जातो. चांगल्या बॅटरीतलं सर्किट अशा थंडीत चार्जिंग रोखतं. तरी बाहेरून आणलेली बॅटरी लगेच चार्जरला न लावता आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, आणि ती पडून तडकली किंवा फुगली असेल तर चार्जरपर्यंत नेऊच नये.