तेल विकणारी अमेरिका तेल विकत का घेते?

होर्मुझच्या सामुद्रधुनीत काही खुट्ट झालं की एक फॉरवर्ड हमखास फिरू लागतो: अमेरिका आता स्वतःच्या तेलावर चालते, तिला आखाताशी काही देणंघेणं उरलेलं नाही. यातलं निम्मं खरं आहे. २००८ साली रोज जेमतेम ५० लाख पिंपं कच्चं तेल काढणारा हा देश २०२३ मध्ये रोज सुमारे १ कोटी २९ लाख पिंपांवर पोचला. एवढं तेल तोवर कुठल्याच देशाने काढलं नव्हतं. पण त्याच वर्षी अमेरिकेने रोज सुमारे ४० लाख पिंपं कच्चं तेल बाहेर विकलं आणि सुमारे ६५ लाख पिंपं बाहेरून आणलं.

असं का? उत्तर खडकात आहे: अमेरिकेचं हे वाढलेलं तेल मुख्यतः ‘शेल’ नावाच्या खडकातून येतं. आपल्या मुंबई हायमधलं तेल चुनखडीच्या सच्छिद्र थरात आहे. ते तयार झालं दुसरीकडे आणि सरकत येऊन तिथे साठलं. शेल हा मात्र तेल जिथे शिजतं तो मूळ खडकच. त्यातली छिद्रं इतकी बारीक की नेहमीच्या तेलखडकाच्या तुलनेत त्यातून तेल लाखो पटींनी सावकाश झिरपतं. म्हणून दोन-तीन किलोमीटर खाली गेल्यावर विहीर आडवी वळवतात, थरातून आणखी तीनेक किलोमीटर नेतात आणि प्रचंड दाबाने पाणी व वाळू सोडून खडकाला भेगा पाडतात. वाळूचे कण भेगा मिटू देत नाहीत. (हे सगळं पट्टीसारख्या पातळ थराच्या आतून, छिद्रकाच्या टोकाशी बसवलेल्या संवेदकांच्या भरवशावर चालतं. आपण अजून बोअर मारायच्या आधी हातावर नारळ उभा करणारा पानाड्या बोलावतो!)

खरी गंमत यापुढे आहे. कच्चं तेल म्हणजे कार्बनच्या लहानमोठ्या साखळ्यांचं मिश्रण. खोलवरच्या उष्णतेत लांब साखळ्या तुटत जातात, आणि उरलेल्या बोजड रेणूंना त्या अरुंद वाटांमधून बाहेर पडणं अवघड जातं. त्यामुळे शेलमधून येणारं तेल हलकं असतं आणि त्यात गंधकही कमी असतं. हलकेपणा एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) अंशांत मोजतात: १४१.५ ला तेलाच्या सापेक्ष (पाण्याच्या तुलनेतल्या) घनतेने भागायचं, त्यातून १३१.५ वजा करायचे. पाणी येतं १० वर, मेक्सिकोचं ‘माया’ २२ च्या आसपास, टेक्सासचं शेल तेल ४० किंवा वर. आकडा जितका मोठा तितकं तेल हलकं.

आता मेक्सिकोच्या आखाताकाठचे अमेरिकी तेलशुद्धीकरण कारखाने बघा. शेलची लाट येण्याआधी त्यांनी अब्जावधी डॉलर ओतून कोकर उभारले, कारण व्हेनेझुएला आणि मेक्सिकोचं जड तेल स्वस्त मिळत होतं. ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्यात तळाशी उरणारा डांबरासारखा गाळ कोकरमध्ये सुमारे ५०० अंश सेल्सिअसला फोडून त्याचं डिझेल-पेट्रोल करता येतं. अशा कारखान्यात नुसतं हलकं तेल घातलं तर मनोऱ्याच्या वरच्या भागात नाफ्था (पेट्रोलसारखा हलका द्रव) आणि वायूंची गर्दी होते आणि खाली महागडे कोकर रिकामे बसतात. उसाच्या चरकात द्राक्षं घालण्यासारखंच ते. म्हणून हलकं तेल परदेशी विकायचं आणि कॅनडाचं जड तेल आणायचं, हाच फायद्याचा हिशेब. ‘ऊर्जास्वातंत्र्या’च्या भाषणांत कोकरचा उल्लेख कधी ऐकू येत नाही.

जगाच्या व्यापारात पहिला धक्का बसला तो सौदीला नव्हे, नायजेरियाला. त्याचं तेलही हलकं. २०१० च्या सुमारास अमेरिका ते रोज जवळपास १० लाख पिंपं घेत होती. २०१४ च्या मध्यापर्यंत ही खरेदी जवळजवळ थांबली. तो माल आशियाकडे वळला आणि भारत त्याचा बडा गिऱ्हाईक झाला. १९७५ पासूनची कच्च्या तेलाची निर्यातबंदी अमेरिकेने डिसेंबर २०१५ मध्ये उठवली, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये इंडियन ऑइलने मागवलेलं अमेरिकी तेल पारादीपला उतरलं. इराणच्या आखातातून थोड्या दिवसांत येणारा माल सोडून महिनाभराहून लांबचा प्रवास परवडतो, तो भावातला फरक तेवढा असेल तेव्हाच.

२०२३ पासून तर टेक्सासचं ‘मिडलँड’ तेल ब्रेंटचा, म्हणजे जगभरच्या तेलसौद्यांत आधार मानला जाणारा, भाव ठरवण्यात धरलं जातं. नाव उत्तर समुद्रातल्या तेलक्षेत्राचं, पण कित्येकदा भाव टेक्सासच्या तेलाचा. भारत सरकार ‘इंडियन बास्केट’चा, म्हणजे भारतात येणाऱ्या कच्च्या तेलाचा, जो सरासरी भाव जाहीर करतं, त्यात कमी गंधकाच्या तेलासाठी हाच ब्रेंट असतो.