रेंडर झालेल्या फ्रेम्स, आवाज आणि सॉफ्टवेअरचा गोंधळ: हे सगळं आलं कुठून

अ‍ॅनिमेशनचा रेंडर (कंप्युटरने एकेक फ्रेम, म्हणजे चित्र, तयार करणं) संपलाय, फोल्डरमध्ये चित्रांच्या १४,४०० पीएनजी पडल्यात, बाजूला आवाजाची एक वेव्ह फाइल आहे, आता हे जोडून व्हिडिओ करायचा कशात? असं विचारलं की एकजण एफएफएमपेग म्हणतो, दुसरा ब्लेंडर, तिसरा दाविंची रिझॉल्व्ह आणि कुणीतरी अजूनही व्हर्च्युअलडबचं नाव काढतोच. हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरची एवढी नावं का झाली ते कळायला जरा मागे जावं लागतं.

मुळात भानगड अशी की पीएनजीला आपला नंबर माहीत असतो, पण सेकंद नाही. आवाजाचं उलट, ४८,००० सॅम्पल (आवाजाची मोजमापं) झाले की एक सेकंद, विषय संपला. म्हणजे फ्रेम्सना वेळ बाहेरून कुणीतरी द्यायची. मूकपटांच्या काळात वेग थोडा इकडेतिकडे झाला तरी चालून जायचं, पण १९२० च्या दशकाच्या शेवटी फिल्मच्या पट्टीवरच आवाज आला आणि सेकंदाला २४ फ्रेम्स पक्क्या कराव्या लागल्या, कारण वेग हलला की सूर हलतो आणि डोळ्याला नाही कळलं तरी कानाला लगेच कळतं. मग टीव्हीने २५ आणि ३० आणले, त्यात १९५३ च्या अमेरिकन रंगीत टीव्हीने ३० चे २९.९७ करून ठेवले, ते आजही मेनूत बसलेत आणि नवीन माणसाला उगाच घाबरवतात.

सुरुवातीच्या कंप्युटर अ‍ॅनिमेशनवाल्यांना सॉफ्टवेअर निवडायची कटकटच नव्हती. एकेक फ्रेम फिल्मवर उतरवायची किंवा टेपवर एकेक करून रेकॉर्ड करायची, आवाज नंतर एडिटिंगला. १९८९ मध्ये ऑटोडेस्क अ‍ॅनिमेटर आला, त्याची एफएलआय फाइल ३२० बाय २००, २५६ रंग आणि आवाज अजिबात नाही. खरा बदल १९९१ च्या डिसेंबरात अ‍ॅपलच्या क्विकटाइमने आणि पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टच्या एव्हीआयने झाला, चित्र आणि आवाज एकाच डब्यात, थोडं हे थोडं ते असं गुंफून. एव्हीआयच्या नावातला शेवटचा आय म्हणजे हे गुंफणंच. पण जुन्या एव्हीआयला २ जीबीची मर्यादा होती, आणि ६४० बाय ४८० च्या २४ फ्रेम्स कॉम्प्रेस न करता टाकल्या तर सेकंदाला साधारण २२ एमबी लागतात, म्हणजे दीड मिनिट झालं की डबा भरला. कोडेकची (व्हिडिओ आकसवायच्या पद्धतींची) सगळी मारामारी इथूनच.

या काळात एव्हरी ली यांचं व्हर्च्युअलडब लोकांना एवढं आवडलं ते उगीच नाही. पहिली फाइल उघडली की पुढचे नंबर ते स्वतः उचलायचं, वेगळी वेव्ह फाइल जोडता यायची, फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम्स) एका खिडकीत बदलता यायचा, आणि फुकट. अडचण एकच, ते विंडोज आणि एव्हीआयपाशीच अडकलेलं.

लिनक्सकडे एमप्लेयरसोबतचा एमएन्कोडर होता, आणि २००० मध्ये फाब्रीस बेलार यांनी एफएफएमपेग सुरू केलं, जे आज बऱ्याच प्रोग्रामांच्या पोटात बसलंय, ब्लेंडरचा व्हिडिओ आउटपुटसुद्धा त्यावरच चालतो. २००३ मध्ये एच.२६४ हे कोडेक आलं, मग त्यात व्हिडिओ आकसवून देणारा एक्स२६४ हा फुकट एन्कोडर, आणि एव्हीआय मागे पडून एमपीफोर पुढे आलं. एफएफएमपेग कमांड लाइनवर, म्हणजे आदेश टाइप करून चालतं, त्याला लोक घाबरतात ते ठीक, पण खरा फटका दुसरीकडे बसतो. इमेज सिक्वेन्सला (नंबर लावलेल्या चित्रांना) फ्रेमरेट सांगितला नाही तर एफएफएमपेग २५ धरतं. वरच्या १४,४०० फ्रेम्स २४ ला बरोबर १० मिनिटं होतात, २५ ला ९ मिनिटं ३६ सेकंद, म्हणजे चित्र संपलं तरी २४ सेकंदांचा आवाज शिल्लक, आणि मग माणूस ऑडिओ फाइलला शिव्या घालतो. फ्रेमरेटही इनपुटच्या आधी द्यायचा, नंतर दिला तर त्याचा अर्थच बदलतो. आणि पिक्सेल फॉरमॅट (रंग साठवायची पद्धत) वाययूव्ही ४२० ठेवा बाबा, नाहीतर तुमच्याकडे छान चालणारी फाइल दुसऱ्याच्या प्लेयरमध्ये उघडायचीच नाही.

ब्लेंडर हे थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर २००२ मध्ये ओपन सोर्स झालं, त्यात सिक्वेन्सर (चित्र-आवाज जोडायची टाइमलाइन) आहेच, मग थेट व्हिडिओच का नाही काढायचा असं वाटतं. मीही एकदा तसंच रात्रभर लावून ठेवलं होतं, पहाटे मशीन अडकलं आणि एमपीफोरची अनुक्रमणिका साधारण शेवटी लिहिली जात असल्याने हातात आली ती न उघडणारी फाइल. पीएनजी असत्या तर अडकलेल्या नंबरापासून पुढे चालू केलं असतं. तेव्हापासून रेंडर फ्रेम्समध्येच.

आता एकच तयार ऑडिओ ट्रॅक असेल तर मी एफएफएमपेगच वापरतो, एका ओळीचं काम आहे. संवाद, पावलांचे आवाज, म्युझिक असं वेगवेगळं सरकवत बसायचं असेल तर मात्र ब्लेंडरचा सिक्वेन्सर किंवा रिझॉल्व्ह, कारण तिथे आवाजाच्या लाटा डोळ्यासमोर दिसतात, आणि ओठ दोन फ्रेम मागे पडलेत हे कमांड लाइनवर कधीच कळत नाही.