थ्रीडी प्रिंट नेमकं तिथंच का तुटतं?

स्क्रीनवर काहीही उभं राहतं. धड हत्तीएवढं आणि पाय काडीसारखे असला प्राणी बनवला तरी सॉफ्टवेअर हू की चू करत नाही, कारण तिथं वजन नावाची भानगडच नसते. प्रिंट झाला की मग घोट्यात मोडतो.

२०१२ साली पर्ड्यू युनिव्हर्सिटी आणि अडोबीच्या लोकांनी यावर एक प्रोग्रॅम केला होता. वस्तू स्वतःच्या वजनाने कुठं मोडेल, आणि माणसाने दोन बोटांच्या चिमटीत उचलली तर कुठं, हे तो आधीच हिशोब करून शोधायचा आणि मग तीन उपाय करायचा: बारीक भाग जाड कर, जड भाग आतून पोकळ कर, नाहीतर खाली टेकू दे. पोकळ केल्याने वस्तू टिकते हे ऐकायला उलटं वाटतं, पण वरचं ओझंच कमी झालं की पायांवर ताण कमी येतो ना.

आता घरचा प्रिंटर. तो प्लास्टिक वितळवून थरावर थर देतो, आणि खालचा थर तोवर थंड झालेला असल्यामुळे दोन थरांमधली पकड थराच्या आतल्या प्लास्टिकपेक्षा कच्चीच राहते. लाकूड जसं रेषेच्या बाजूने पटकन फाटतं तसंच हे. म्हणून हुक उभा प्रिंट केला की लटकवलेलं वजन थर एकमेकांपासून ओढतं, तोच आडवा झोपवून केला की जोर थरांच्या लांबीवर येतो आणि कितीतरी जास्त वजन पेलतो, तेही एक ग्रॅम जास्तीचं प्लास्टिक न घालता! माझ्या मते निम्मं काम इथंच होतं.

बरेच जण मात्र सरळ इन्फिल, म्हणजे वस्तूच्या आतला भराव, १०० टक्के करतात. वेळ जातो, प्लास्टिक जातं. वस्तू वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या पृष्ठभागावर असतो, मधल्या भागाला फारसं काम नसतं, त्यामुळे आधी बाहेरच्या भिंती वाढवा. ०.४ मिमीच्या नोझलने (प्लास्टिक बाहेर सोडणारं टोक) चार भिंती म्हणजे साधारण १.६ मिमी. डिझाइनमध्येच पट्टीची जाडी दुप्पट केली तर वाकवताना मोडायला चौपट जोर लागतो आणि ताठपणा आठपट होतो.

आतले काटकोनी कोपरे पण गोल करा, ताण तिथंच गोळा होतो आणि चीर तिथूनच सुरू होते.

आणि पीएलए हे प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे उन्हातल्या गाडीत ठेवायचा मोबाइल स्टँड वगैरे असेल तर पीईटीजी हे जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक घ्या, तिथं भिंती वाढवून काही होणार नाही.